कृपया वैध ईमेल पत्ता भरा

फॉर्मच्या चौकटीखाली लाल अक्षरांत उमटणारं हे वाक्य लिहिणं माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. त्यातलं ‘वैध’ कोण ठरवतं, हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी विचारला नव्हता.

तपासणीसाठी आम्ही रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे रेजेक्स, वापरतो. तो अक्षरांच्या मांडणीचा साचा असतो: आधी अक्षरं-आकडे, मग ॲटचं चिन्ह, डोमेन, टिंब, शेवटी दोन ते चार अक्षरं. बसला पत्ता तर आत, नाहीतर लाल ओळ. ईमेलचे मूळ नियम याहून पुष्कळ उदार आहेत. २००८च्या आरएफसी ५३२२ नुसार ॲटच्या आधी अधिकचं चिन्ह चालतं, अपॉस्ट्रॉफीही चालते. म्हणजे आयर्लंडमधल्या एखाद्या ओ’ब्रायनचा पत्ता नियमाने बरोबर, साच्याने चूक. २००१मध्ये आलेलं ‘.म्युझियम’ चार अक्षरांत मावत नाही. २०१२च्या आरएफसी ६५३१ने तर ॲटच्या आधी देवनागरीलाही जागा दिली. ‘.भारत’ २०१४पासून मिळतं. तसा पत्ता घेऊन फॉर्म भरून बघा.

मग साचाच परिपूर्ण का करू नये? पर्लमध्ये तो प्रयत्न झालाय. जुन्या आरएफसी ८२२साठीचा तो रेजेक्स सहा हजारांहून जास्त अक्षरांचा आहे, आणि कंसातल्या कंसांतल्या टिपांपुढे तोही हात टेकतो. शिवाय एवढं करून कळतं ते रूप. त्या पत्त्यावर कुणी राहतं का, हे पत्र टाकल्याशिवाय कळत नाही.

खरी अडचण पुढे आहे. चुकीचा पत्ता आत आला तर मेल बहुधा परत येते. चूक दिसते, निस्तरतो आम्ही. बरोबर पत्ता नाकारला तर काहीच परत येत नाही. तपासणी बहुतेकदा ब्राउझरमध्येच होते, त्यामुळे तो माणूस सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. नोंद नाही, तक्रार नाही. मग मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, ‘सगळ्यांचं चालतंय की!’ ज्यांचं चालत नाही ते मोजणीतच नसतात, हे त्या वाक्याला ठाऊक नसतं. आणि तो पत्ता बहुधा ऑफिसने किंवा कॉलेजने दिलेला. त्याने तो बदलायचा तरी कसा?

कडक साच्याने बॉट अडतात म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. नीटनेटका खोटा पत्ता बनवणं बॉटइतकं कुणाला जमतं?

एचटीएमएलच्या मानकातही एक साचा आहे, पण तिथे स्पष्ट लिहिलंय की हे आरएफसीचं जाणूनबुजून केलेलं उल्लंघन आहे. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. मी स्वतः एवढंच बघतो: ॲट आहे ना, त्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी आहे ना, मग खात्रीची मेल पाठवतो. जिथे पुढची जुनी यंत्रणा खरोखरच एखादं चिन्ह घेत नाही, तिथे ‘तुमचा पत्ता अवैध आहे’ ऐवजी ‘हा पत्ता आमच्या यंत्रणेला घेता येत नाही’ असं लिहितो. ते वाक्य मोबाइलवर दोन ओळींत जातं, अशी डिझायनरची तक्रार आहे. जातं खरं.