हाकेची दिशा

देवळात डोळे मिटून उभे असताना घंटा वाजली, तर ती डोक्यावर आहे हे कोणी सांगावे लागत नाही. हे ज्ञान उपजतच आहे असे आपण समजतो. परंतु ते अभ्यासाचे फळ आहे. डावेउजवे कळते ते दोन कानांमुळे. एका बाजूचा ध्वनी दुसऱ्या कानी किंचित क्षीण होऊन पोचतो, आणि उशिराही. तो उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही अल्प असतो. वरचेखालचे मात्र बाह्यकर्णाच्या घड्यांवरून कळते. त्या घड्या ध्वनीला जो वेगळा रंग देतात, तो ओळखण्यास मन सरावलेले असते.

१९९८ साली नेदरलंड्समधील नायमेखेन येथील संशोधकांनी चार प्रौढ माणसांच्या या घड्यांत साचे बसविले. ध्वनीची उंची त्यांना कळेनाशी झाली. साच्यांसह ती माणसे आपापल्या नित्य व्यवहारास लागली, आणि सुमारे सहा आठवड्यांच्या अवधीत उंची पुन्हा कळू लागली. साचे काढले, तेव्हा जुन्या कानांनीही पूर्ववत दिशा सापडली! दोन भाषा एका जिभेवर नांदविणाऱ्या आमच्या वाचकांस याचे फारसे नवल वाटू नये.

पण १९२८ साली पॉल थॉमस यंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने नळ्यांच्या योगे डावीकडचा ध्वनी उजव्या कानी व उजवीकडचा डाव्या कानी नेला, तेव्हा निराळेच घडले. बोलणारा दिसत असला की आवाज त्याच्याकडूनच आल्यासारखा वाटे. डोळे मिटले की दिशा उलटीच. कान शिकला नव्हता, तो डोळ्यांच्या आज्ञेत राहिला होता.

हे वाचताना आम्हांस आमचे मामा आठवले. त्यांचा एक कान कायमचा गेला. हाक डावीकडून यावी आणि त्यांनी उजवीकडे पाहावे. आम्ही मुले हसत असू. पुढे वडीलमंडळींनी दटावले आणि नेमच झाला, की मामांशी समोर जाऊनच बोलावयाचे, त्यांना चुकू द्यावयाचे नाही. परंतु चुकीच्या बाजूस वळणे, तेथे कोणी नाही असे पाहणे, मग फिरून शोधणे, हाच तर कानाचा अभ्यास! एका कानाच्या आधारे काही माणसे दिशा पुष्कळशी ओळखू लागतात. मामांना ते साधले असते असे नाही. उतारवयात उंच स्वर ऐकू येईनासे होतात, आणि घड्यांची खूण त्याच स्वरांत असते. पण ते आधीच ठरविणारे आम्ही कोण? रस्त्यावर त्यांचा हात धरणे प्राप्तच होते. घरच्या ओसरीवर मात्र ती दया होती, की त्यांचे चाचपडणे आम्हांलाच बघवत नव्हते?

पुढे पुढे मामा हाक ऐकूनही वळेनासे झाले. कोणीतरी समोर येईलच, हे त्यांना ठाऊक झाले होते.