कळ आणि विवेक

मरोद्याच्या तलावाकाठी संध्याकाळ उतरू लागली की आम्हां सर्वांचे हात खिशाकडे वळतात. काचेवर बोट टेकले की झाले छायाचित्र! सोनीच्या काही एक्सपीरिया फोनांना त्यासाठी स्वतंत्र कळ असते. २०२४ साली आयफोन १६ लाही ती आली. सोनीची कळ अर्धी दाबली की भिंग दृश्यावर स्थिरावते, पुरती दाबल्यावर चित्र उमटते. सोय म्हणाल तर थोडीच. परंतु त्या अर्ध्या दाबात एक प्रश्न दडला आहे: हे टिपावयाचे, की नुसते पाहावयाचे? गावी राहिलेल्या आईची शेकडो छायाचित्रे आमच्यापाशी आहेत. तिच्याकडे निवांत पाहिल्याचे क्षण मोजकेच. कळ विवेक देत नाही; त्याला क्षणभर अवसर देते, इतकेच. पण आम्हांस तोच हवा आहे.