कपडा अंगावर शोभतो

वसईतल्या कुपारी समाजाच्या घरांत एखाद्या कपाटात आजीचं लाल लुगडं घडी घालून ठेवलेलं असतं. ते जपावंच. रोजच्या वापरातून तो पेहराव आता जातो आहे.

पण त्याच कपाटातले घट्ट झालेले शर्ट, मुलांचे आखूड झालेले गणवेश? ते कुणाला तरी द्यावेत. कपडा अंगावर शोभतो.

पूर्वी जुनी लुगडी गोधडीत जात, उरलेलं बोहारीण भांड्यांच्या बदल्यात नेई. ती प्रत्येक कपडा उजेडात धरून विरलेली जागा शोधायची. तेच कपडे दुरुस्त होऊन जुन्या बाजारात येत, पुन्हा कुणाच्या तरी अंगावर चढत.

द्यायचं ते धुऊन द्या. तुटलेलं बटण लावून द्या. घेणाऱ्यालाही मान असतो. कपडा अंगावर शोभतो. येत्या रविवारी कपाट उघडाच, श्रोतेहो.