नैवेद्याची शुद्धी

श्रीकाळहस्तीच्या कण्णप्पाची कथा दक्षिणेतील शिवभक्तांच्या ओठांवर आहे. बाराव्या शतकात शेक्किळारांनी ती तमिळ ‘पेरियपुराणा’त गायिली, सोळाव्या शतकात धूर्जटीने तेलुगूत आळविली. रानडुक्कर मारावे, त्याचे मांस निखाऱ्यांवर भाजावे, कोणता तुकडा कोवळा हे स्वतः चावून पाहावे, त्यात मध घालावा आणि ते शंकरापुढे ठेवावे, अशी त्या व्याधाची पूजा होती. पुजारी येई, विटाळलेले देवालय पाहून कष्टी होई आणि सारे धुऊन काढी. देवाने मात्र ते उष्टे मांस गोड मानले.

पश्चिमेकडे नाताळात डुकराच्या खारविलेल्या मांडीवर अननसाचा रस अथवा मध चोपडून ती भाजतात, हे गोव्याच्या वाचकांस ठाऊक आहेच. गोडवा आगीवर लवकर करपतो, म्हणून तो शेवटी लावावयाचा, हे तिथला स्वयंपाकी जाणतो. पदार्थ जवळजवळ एकच. परंतु एकाची कथा आम्ही मंदिरात ऐकतो व दुसऱ्याचे नाव निघताच नाक मुरडतो. कण्णप्पा आम्हांस प्रिय आहे तो दूर आहे म्हणून की काय, अशी शंका येते.

आदिलाबादमध्ये तो दूर नाही. पैनगंगेच्या दक्षिणेस मराठी व तेलुगू भाषिकांच्या शेजारी गोंड आणि कोलाम राहतात. पौष अमावास्येस केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातील लोक गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात आणि पूजाही त्यांचीच माणसे करतात. १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम मारले गेल्यावर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ यांस या लोकांच्या अभ्यासासाठी नेमले. आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ साली निघाला. तो वाचताना ध्यानात येते की, देवाला दिल्यावाचून नवे खाऊ नये हा नियम त्यांच्याकडे आमच्याइतकाच कडक आहे. भेद ताटातल्या वस्तूचा आहे, देण्याच्या वृत्तीचा नव्हे. तरी त्यांस जवळ करू पाहणारे आमचे सज्जन प्रथम सांगतात काय, तर मांस सोडा आणि मोह सोडा! याच मोहाच्या फुलांचे लाडू उतनूरला वळले जातात. ते आम्ही आनंदाने खाऊ. दोष मग फुलात आहे की आमच्या ओळखीत?

मडक्यावरून माणूस ओळखण्याचा हा व्यवहार आमच्या वाचकांनी उलट बाजूनेही भोगला आहे. १७३६ च्या फर्मानाने गोव्याच्या इन्क्विझिशनने बाटलेल्यांस हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजविण्याची बंदी केली होती. भातात मीठ नाही, एवढ्यावरून चुलीमागे जुना धर्म लपला असल्याचा संशय यावा! आणि मासे खातात म्हणून सारस्वतांच्या षट्कर्माधिकाराविषयी पुण्यापर्यंत वाद झाले, तेही सर्वश्रुत आहे. ज्यांच्या ताटाकडे बोट दाखविले गेले, त्यांनी तरी बोट उचलताना थोडे थांबावे.

तथापि ‘भाव शुद्ध असला की झाले’ एवढ्यावर आमचे समाधान होत नाही. त्या रानडुकराने कोणती भक्ती केली होती? कथेत त्याला वाणी नाही. कण्णप्पाने पुढे आपला डोळा काढून दिला, हे त्याचे मोठेपण. पण डुकराचा प्राण त्याने विचारून घेतला नव्हता. आज तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे मनास येईल तसे रानडुक्कर मारता येत नाही, आणि कवाल हे २०१२ साली व्याघ्रप्रकल्प झाले आहे. वनवासीयांस शिकार सोडावी लागली. ज्यांनी जंगल तोडून कापूस पेरला, त्यांस मात्र अहिंसेचा उपदेश कोणी केला नाही. या हिशेबात शाकाहारी पानसुद्धा अगदी कोरे राहात नाही.

महाभारताच्या वनपर्वात कौशिक ब्राह्मण धर्म शिकण्यास मिथिलेच्या खाटिकाकडे जातो. तो धर्मव्याध डुकराचे व म्हशीचे मांस विकतो, पण स्वतः मारीत नाही आणि स्वतः खातही नाही. आपल्या धंद्याचे तो समर्थन करतो. परंतु त्यात हिंसा नाही, असे तो कोठेही म्हणत नाही. शेत नांगरतानाही जीव मरतात, याची तो ब्राह्मणास आठवण देतो. आणि मग त्यास घरात नेऊन आपल्या वृद्ध आईबापांची सेवा दाखवितो.