सेवा की वेठ?

वस्तीतली पोरगी जीएनएमची तीन वर्षं काढून नर्स होते. पुढं तीन वाटा. खाजगी दवाखाना : पगार तुटपुंजा, मूळ सर्टिफिकेटं मालकाच्या कपाटात. सरकारी : अकरा महिन्यांचं कंत्राट. तिसरी आखाताची. ती तिसरी धरते, अन् आपणच बोंबलतो, 'समाजाला विसरली!'

दोस्तहो, हा कुठला न्याय? सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं २०१६ साली सांगितलं, ५० च्या आत खाटा असल्या तरी नर्सला २०,००० च्या खाली पगार नको. किती मालकांनी ऐकलं? पगार मागितला की म्हणतात, ही सेवा आहे. हा डाव आपल्या ओळखीचा. मेलेली ढोरं ओढणाऱ्या आपल्या आज्याला हेच सांगितलं. तेव्हा त्याला धर्म म्हणत.

सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता गेल्या. ते त्यांनी स्वतः निवडलं, म्हणून तो त्याग. जिथं 'नाही' म्हणायची सोय नाही, तिथं त्याग नसतो, वेठ असते.

समाजाचं देणं आहेच. पण ते एकट्या पोरीकडून का वसूल करता? आधी कायम नोकरीच्या तिच्या मोर्चात चला. मग हक्कानं वस्तीत बोलवा. नाही आली, तरी तिचा जयभीम खोटा ठरत नाही.