पहारा आणि सवय

कडक नियमांमुळे माणूस सुधारतो, की केवळ पकडला न जाण्याची युक्ती शिकतो? या जुन्या प्रश्नाचे एक उत्तर आज संगणकाच्या प्रोग्रॅमरांच्या कामात पाहावयास मिळते.

१९७०च्या दशकाच्या प्रारंभी डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ‘सी’ ही संगणकभाषा घडविली. ती प्रोग्रॅमरवर पूर्ण भरवसा ठेवते. त्याने मेमरीचा तुकडा मागून घ्यावा आणि काम झाल्यावर परत करावा. तो परत करायला विसरला, किंवा परत केल्यावरही वापरत राहिला, तरी ही भाषा बहुधा त्याला अडवीत नाही. चूक पुढे भलत्याच वेळी उघडी पडते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले, की त्यांच्या सॉफ्टवेअरमधील सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या गैरहाताळणीचे असतात.

‘रस्ट’ या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ साली आली. तिच्यात प्रत्येक मूल्याला एकच मालक असतो. इतरांना ते उसने घेता येते, पण मालकाच्या आयुष्यापलीकडे ही उसनवारी टिकत नाही. एका वेळी पाहणारे अनेक चालतात. बदल करणारा मात्र एकटाच असावा लागतो. हा नियम मोडला, तर कंपायलर प्रोग्रॅम तयारच होऊ देत नाही.

नवशिक्या आधी चिडतो, मग पळवाट शोधतो. मालकीचा विचार टाळण्यासाठी तो जागोजागी मूल्याच्या प्रती काढतो. कंपायलर गप्प होतो, नियमाचे शब्द पाळले जातात, पण हेतू हुकतो. जो ही पळवाट सोडतो, त्याच्या मनात मात्र काही प्रश्न घर करतात: ही वस्तू कोणाची? माझ्याकडे कुठवर? अपेक्षित मूल्य मिळालेच नाही, तर काय?

खरी कसोटी तो ‘सी’कडे परततो तेव्हा लागते. तेथे पहारेकरी नसतो. तरीही मागून घेतलेली मेमरी कोण परत करणार, हे तो आधी ठरवितो. बाहेरचा पहारा संपल्यावर जे उरते, तेच त्याने खरे कमावलेले असते.

पण या शिस्तीलाही मर्यादा आहे. मजुराची मजुरी अन्यायाने कापणारा प्रोग्रॅम नियमांत बसत असेल, तर हा कंपायलर तो बिनतक्रार स्वीकारतो. मालकी कोणाची, हे त्याला कळते. हक्क कोणाचा, हे कळत नाही. शिस्त हाताला वळण लावते. नियत ज्याची त्यालाच सांभाळावी लागते.

म्हणून वाचकहो, कडक नियमाचा कंटाळा करू नये, आणि तो पाळला म्हणजे सारे साधले, असेही मानू नये. कोणी पाहत नसताना आपला हात कसा चालतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.