दया की ममता?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आषाढवारीत माउलींची पालखी आमच्या माळशिरस तालुक्यात येते, तेव्हा सदाशिवनगरजवळ पुरंदवड्याला गोल रिंगण होतं. अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणी बसत नाही, कारण तिथं माउली बसलेली आहे अशी आपली श्रद्धा. अश्व पुढं गेले की त्यांच्या टापांखालची माती आम्ही कपाळाला लावतो. मीही वर्षानुवर्षं लावत आलो. पण मुक्या जीवाची सेवा काय असते, हे मला कळलं ते गेल्या माघात, शेजारच्या वरातीच्या घोडीमुळं.

एका लग्नात तिच्याजवळ फटाक्यांची लड उडाली. घोडी लोखंडी फाटकाशी बांधलेली. खालचे पुढचे दात गजात अडकले आणि तिनं घाबरून मान मागं ओढली. खालचा जबडा पुढून मोडला. मालक तरुण पोरगा. मला म्हणाला, "अण्णा, घोडी गेली तर घर बसलं बघा."

जनावरांच्या डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन दात तारेनं आवळून बांधले. म्हणाले, "पाय मोडला असता तर अवघड होतं. जबड्याला रक्त भरपूर मिळतं, सहा-आठ आठवड्यांत हाड जुळेल. पण तोंड धूत राहा, पोटाकडं लक्ष ठेवा आणि तोंडात लगाम घालू नका."

पोरगा रोजगाराला जाऊ लागला. दिवसभर घरी मीच, म्हणून काम माझ्याकडं आलं. घोडा पुढच्या दातांनी गवत तोडतो आणि दाढांनी दळतो. हिच्या दाढा शाबूत होत्या, तोडणं तेवढं बंद. म्हणून लसूणघास बारीक कापायचा, गव्हाचा कोंडा कोमट पाण्यात भिजवायचा आणि थोडं थोडं करून चार-पाच वेळा द्यायचं. खाऊन झालं की तारेत अडकलेला चोथा मिठाच्या पाण्याच्या पिचकारीनं काढायचा. पहिले आठ दिवस ती मान झटकायची. एकदा तर मी भिंतीवर आदळलो. पुढं मात्र पिचकारी दिसली की आपणच तोंड खाली आणू लागली.

माझा जीव तिच्यात गुंतला. माळ हातात, पण कान तिच्या खिंकाळण्याकडं.

इथंच मनात शंका आली. अवधूतांनी यदुराजाला चोवीस गुरू सांगितले, त्यांत कपोत आहे. पिल्लं जाळ्यात सापडली म्हणून तोही मायेनं जाळ्यात पडला. भागवतातलाच राजा भरत हरणाच्या पाडसात गुंतला आणि पुढचा जन्म हरणाचा आला. मग मुक्या जनावराची सेवा ही साधना की सापळा?

चैत्रात तार निघाली. वैशाखात लग्नाच्या तारखा होत्या. पोरगा म्हणाला, "अण्णा, डॉक्टर हो म्हणाले. घोडी कामाला लावतो." मी भडकलो. "लाज नाही वाटत? एवढं सोसलंय तिनं!"

तो शांतपणे म्हणाला, "अण्णा, तुम्ही तिला खाऊ घातलं, खरं हाय. पण तिच्यावर माझी दोन पोरं जेवत्यात."

त्या रात्री झोप नाही. बँकेत जन्म गेला माझा, हिशेब कळतो. मी मनातल्या मनात घोडीच्या नावे उधारी मांडली होती. इतके दिवस केलं, तर आता तिनं माझ्या मर्जीनं राहावं. पोरांच्या ताटाचा विचारही मला शिवला नव्हता.

मग एकनाथमहाराज आठवले. ते जनार्दनस्वामींचे शिष्य, म्हणजे आपल्याच दत्तपरंपरेतले. रामेश्वरासाठी काशीहून आणलेलं गंगाजल त्यांनी तहानेल्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण नाथांनी ते गाढव पैठणला नेऊन आपल्या दावणीला बांधल्याचं कोणी सांगत नाही. भरतानं पाडसाला नदीतून काढलं, ही त्याची चूक नव्हती. ते माझं म्हणून कवटाळलं, तिथं घात झाला. समोरच्याला काय हवं ते दया बघते. आपल्याला काय हवं ते ममता बघते. काम दोघींचं सारखंच दिसतं, म्हणून फसायला होतं.

पण ममता सोडायची म्हणजे हात झटकून मोकळं व्हायचं, असंही नाही. मी पोराकडं जाऊन चुकलो म्हणालो आणि दोनच गोष्टी मागितल्या. तिच्या तोंडात पुन्हा लोखंड नको, आणि फटाके उडतील तिथून तिला लांब उभी करायची. नाकावरून जाणारी चामड्याची म्होरकी मी करवून दिली. तो कबूल झाला.

वैशाखात पहिली वरात आमच्या दारावरून गेली. हाक मारावीशी वाटली, मारली नाही. फटाक्यांचा आवाज आला की अजून छातीत धस्स होतं, ते खोटं कशाला सांगू?

आमच्या देवघरातल्या तसबिरीत महाराजांच्या मागं गाय आहे, पायाशी चार श्वान आहेत. एकाच्याही गळ्यात दावं नाही. तरी ती महाराजांना सोडून जात नाहीत.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!